प्रवेश प्रारं

बावीसशेला घेतली, लिलावात.
सोबत तीन सायकली बळेच गळ्यात.
सायकली विकून चारशे सुटले,
म्हणजे होडी पडली अठराशेला.
वहीत तसंच लिहिलंय.

नाळेपाशी अकराचा आकडा अजून दिसतो.
एकोणनव्वद साली, तिघऱ्याच्या पाण्यावर,
एन.सी.सी.च्या पांढऱ्या गणवेशात
मी हिच्यात बसले होते, चौदा मिनिटं.
सुकाणू मुलांकडे.
मला बादली दिली होती.

जिन्सीच्या बोळात ती शिरेना.
टेम्पोवाला म्हणाला, बहनजी, मकान हटवा लो.
शेवटी कुशीवर वळवून, दहा हातांवर,
शितूतांच्या गॅलरीखालून,
ओल्या चादरी डोक्यानं सारत
अंगणात टेकवली.
चार महिने आमचं धुणं गच्चीवर.

आमच्या मराठीत हिचे शब्दच नव्हते.
पाच पिढ्या ग्वाल्हेरात;
खोगीर, लगाम, रिकीब सगळे घरात नांदतात,
घोडा कधीच गेला तरी.
पण डोलकाठीला मी ‘तो खांब’ म्हणायची.
मग दाभोळच्या मावससासूबाईंना फोन.
त्यांना ऐकू कमी, म्हणून ओरडून सांगायच्या,
परबाण! वल्हं! शीड!
शेजारच्यांना वाटायचं, भांडण चाललंय.
मी दाराच्या मागच्या बाजूला खडूनं उतरवून घ्यायची.

नफीसभाई कूलरच्या टाक्या जोडतात.
दिवाळीनंतर त्यांचा धंदा झोपतो.
राळ, काचकापड, जुना ब्रश,
आणि मजुरीत रोज दोन चहा, एक पोहे.
पहिल्या दिवशी बुडाला बोटानं टिचक्या मारत
सगळीकडून ऐकलं त्यांनी.
म्हणाले, टंकी में पानी अंदर रोकते हैं,
इसमें बाहर। काम वही है, उल्टा।

रंग लोहिया बाजारातून, शाळेच्या बशीचा उरलेला पिवळा.
डब्याला गंज, म्हणून निम्म्या भावात.
सुकाणूचं पातं आमच्या प्रयोगशाळेतल्या मोडक्या फळ्याचं;
रंधा मारताना आधी काळं निघालं,
मग हिरवं,
मग एकदम साग.

शिडाला खरं कापड परवडेना.
कोचिंगवाल्यांचा जुना फ्लेक्स मिळाला, साठ रुपयांत.
मशीनच्या सात सुया मोडल्या.
कापताना पहिल्या आलेल्या मुलीचा एक कान गेला,
आणि ‘भ’ शिवणीत.
उरलं ते ‘प्रवेश प्रारं’,
एका बाजूनं सुलटं, एका बाजूनं आरशातलं.

मुलगा पुण्याहून म्हणाला,
आई, एवढ्यात नवा फ्रिज आला असता.
आला असता.
मी त्याला परबाण म्हणजे काय ते सांगितलं.
तो म्हणाला, नेटवर्क जातंय.

सात हजार तीनशे चाळीस.
टेम्पो धरून. सुया धरून. पोहे धरले नाहीत.

जानेवारीतला मंगळवार होता.
धुकं दहापर्यंत उठलंच नाही.
धरणावरच्या पहारेकऱ्यानं तीनदा विचारलं,
ये चलेगी?
नफीसभाईंना पोहता येत नाही;
ट्रकची ट्यूब कमरेला घालून ते मधोमध बसले,
नवरदेवासारखे ताठ.
बराच वेळ काहीच झालं नाही.
दोर म्हणजे घरची वाळणीची दोरी,
तिला अजून एक चिमटा तसाच.

मग त्या मुलीचा गाल फुगला.
आधी थोडा,
मग सगळाच,
आणि फळा माझ्या हातात थरथरला.
दाराच्या मागचा एकही शब्द आठवला नाही.

पाणी आत येत होतं, डाव्या अंगानं,
कूलरइतकंच, नफीसभाई म्हणाले,
आणि श्रीखंडाच्या डब्यानं बाहेर टाकत राहिले, मोजत.
सत्तावीसला पहारेकरी काठावरून ओरडला,
मॅडम, वापस!
वळायचं कसं, ते मी मावससासूबाईंना
विचारलंच नव्हतं.

अठ्ठावीस, नफीसभाई म्हणाले.
एकोणतीस.